आईचं पोट दुखतंय, रिपोर्ट सगळे नॉर्मल. नाशिकमध्ये पुढे कुणाला दाखवावं?

गोदेपल्याड | सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला, आई मखमलाबादला भावाकडे. आई ७१ वर्षांची. डायबेटिस आहे, बीपीची गोळी चालू, काही वर्षांपूर्वी हृदयात एक स्टेंट टाकलाय. दिवाळीच्या सुमारास पोट दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. आधी सगळ्यांनी फराळावर ढकललं, मग संक्रांतीच्या तीळगुळावर. आता ऊन तापायला लागलं, ढकलायला काही उरलं नाही.

सोनोग्राफी नॉर्मल (पित्ताशयात खडा नाही, लिव्हर किंचित फॅटी). एन्डोस्कोपीत 'सौम्य गॅस्ट्रायटिस' (जठराच्या अस्तराला सूज). कोलोनोस्कोपी नॉर्मल. रक्त ठीक, हिमोग्लोबिन तेवढं १०.८. सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी, जेवणानंतर पाचक, रात्री झोपेची अर्धी गोळी. फरक शून्य. शेवटच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "मावशी, मनाला फार लावून घेऊ नका." रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "म्हंजे मी नाटक करते का गं?"

मला खुपतंय ते वेगळंच. तिचे ब्लाउज सैल झालेत. पाडव्याला साडी नेसताना दोन निऱ्या जास्तीच्या पडल्या, तरी कमरेशी साडी ठरेना. भाऊ म्हणतो, वयाप्रमाणे होणारच. वहिनी म्हणते, जेवतात की आमच्याबरोबर. आई लेकीला काही धड सांगत नाही, सुनेला तर नाहीच नाही.

आता कुणाकडे जावं? पुन्हा गॅस्ट्रोवाल्याकडे गेलं तर परत तोच कॅमेरा घालतील का? की सरळ मुंबई गाठावी?

शेंगदाणा_चटणी | सोमवार, रात्री ११.४०

ओवा-सैंधव कोमट पाण्यातून द्या, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावा. आमच्या आजीची पोटदुखी यावरच थांबली. तुमच्याच भागात एक बाई बेंबी बसवून देतात, तेल लावून चोळून. बेंबी सरकली असेल तर कुठल्याच मशीनमध्ये दिसत नाही.

तिरकस | सोमवार, रात्री ११.५२

दिसत नाही, कारण सरकत नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट | मंगळवार, रात्री १२.३५

आत्ताच कामावरून आलो. ताई, आमच्या वडिलांचं सांगतो, उपयोग झाला तर बघा. पोटात मुरडा यायचा, अंगाचं मुटकुळं करून पडायचे, शौचाला खडा, चेहरा पांढराफटक. सोनोग्राफी नॉर्मल. एका ठिकाणी तर अपेंडिक्स काढून टाकू म्हणाले होते. शेवटी एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं सांगितलं, घरात जेवढी म्हणून औषधं असतील ती सगळी पिशवीत घालून आणा. त्या पिशवीत गुडघेदुखीच्या पुड्या निघाल्या. जत्रेतल्या, वर लेबल नाही, आत राखाडी पूड. वडील वर्षभर मधातून चाटत होते आणि त्याला औषध म्हणून मोजतच नव्हते. रक्तातलं शिसं तपासलं, आकडा बघून लॅबवाल्यानं परत सॅम्पल मागवलं. पुड्या बंद केल्या, शिसं बाहेर काढायचं औषध दिलं, मुरडा गेला.

आईंच्या उशाखाली काय आहे ते बघा एकदा.

जेलरोडचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, इथे बसून निदान होत नाही आणि मी करणारही नाही. माझा साधा दवाखाना आहे, पोटाचा तज्ज्ञ नाही. पण तुमची पोस्ट दोनदा वाचली. रिपोर्ट भरपूर आहेत, दुखतं कसं याची एक ओळ नाही. तुमच्या लिहिण्यात नाही, आणि बहुधा फाइलमध्येही नसेल. ओपीडीत पन्नास पेशंट बाहेर बसलेले असताना 'पोटात दुखतंय' ऐकलं की हात आपसूक सोनोग्राफीच्या चिठ्ठीकडे जातो. माझाही जातो.

आधी महत्त्वाचं. अचानक असह्य कळ, पोट कडक लागणं, काळी चिकट शी, रक्ताची उलटी, डोळे पिवळे, थंडी वाजून ताप, यातलं काहीही झालं तर थेट कॅज्युअल्टी. आणि डायबेटिसच्या माणसाला छातीत न दुखता नुसतं पोटाच्या वरच्या भागात दुखून, घाम येऊन हार्ट अटॅक आलेला मी पाहिला आहे. तुमच्या आईंना तर आधीचा स्टेंट आहे. ईसीजी काढला नसेल तर आजच काढा.

आता घरी बघायचं. कुठे दुखतं ते आई एका बोटाने दाखवतात की सगळा तळवा फिरवतात? जेवणानंतर दुखतं का, किती वेळाने? भरपेट जेवल्यावर जास्त आणि थोडं खाल्ल्यावर कमी, असं आहे का? कूस बदलताना, खोकताना, उठताना कळ येते का? रात्री झोपेतून जाग येते का? शौचाला झाल्यावर बरं वाटतं का? कधीच दुखत नाही असा एखादा दिवस असतो का? याची आठवडाभर नोंद ठेवा. वजन एकाच काट्यावर करा. गोळ्या, पुड्या, काढे, चूर्ण सगळं लिहा. तंबाखूचं विचारताना मशेरी आणि तपकीरही विचारा. 'व्यसन?' म्हटलं की आपल्याकडच्या बायका 'नाही' म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू असते.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे पोट नॉर्मल असं नसतं. गॅस असला की स्वादुपिंड नीट दिसत नाही. आतड्याच्या रक्तवाहिन्या कुणी मुद्दाम लिहून दिल्याशिवाय बघितल्या जात नाहीत. कॅमेरा अस्तरावरून फिरतो, भिंतीपलीकडचं त्याला दिसत नाही. पन्नाशीनंतर नव्याने पोट दुखू लागलं आणि वजनही उतरलं, तर सीटी होईपर्यंत 'मनाचं आहे' म्हणायचा अधिकार कुणाला नाही. बायकांमध्ये अंडाशय नीट पाहिलं गेलंय ना, तेही रिपोर्टमध्ये बघा. भूक लवकर भागणं आणि पोट फुगणं ही अंडाशयाच्या आजाराचीही लक्षणं असतात आणि ती वर्षभर गॅसच्या नावावर खपतात.

बेंबी बसवणाऱ्या बाईंकडे कृपया नेऊ नका. ७१ वर्षांचं, बीपी असलेलं पोट. आतली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली असेल तर ती चोळायची गोष्ट नाही.

वैद्य_सिडको | मंगळवार, दुपारी २.०५

सातपूरवाल्या दादांच्या पोस्टवर लिहितो. जत्रेतली बिनलेबलची पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे. आमच्याकडे भस्माचं शोधन-मारण (धातू शुद्ध करून भाजणं) असतं, परवानाधारक कंपनीच्या डबीवर बॅच नंबर असतो. एका पुडीवरून सगळ्या शास्त्राला झोडपू नका. बाकी लेबल नसेल तर फेकून द्या, हे मीही माझ्या पेशंटना सांगतो.

जेलरोडचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २.४०

वैद्यराज, भांडायचं नाही. पण २००८ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी छापून आली होती. पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं होतं, आणि ती लेबलवालीच होती. रसौषधी (पारा-धातूंची औषधं) घेणाऱ्याचं पोट दुखत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर शिशाची एक तपासणी करून मोकळं व्हावं. तुमच्या शास्त्राचा त्यात काही अपमान नाही.

वैद्य_सिडको | मंगळवार, दुपारी ३.१०

तपासणीला माझा विरोध नाहीच. सुरावर होता.

उंटवाडी | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

एवढी चर्चा कशाला? फुल बॉडी पॅकेज करून टाका, सोबत कॅन्सर मार्कर सगळे. घरी येऊन रक्त नेतात. एकदा निगेटिव्ह आलं की डोक्याचा ताप गेला.

जेलरोडचा_डॉक्टर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

मार्करने डोक्याचा ताप जात नाही, वाढतो. सीईए, सीए-१२५, सीए १९-९ हे रक्तातले मार्कर चाळणी म्हणून वापरायचे नसतात. साध्या सुजेतही वाढतात आणि कॅन्सर असूनही नॉर्मल येतात. तज्ज्ञाला कशाचा तरी ठोस संशय असेल तर तो सांगेल. पॅकेजमधली बत्तीस पानं घेऊन येणाऱ्या पेशंटला अजूनही दुखतं कुठे हे विचारावंच लागतं.

निफाडची_लेक | मंगळवार, रात्री ९.३०

'एका बोटाने दाखवतात का' हा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. माझी आई उजव्या बाजूला बेंबीच्या जरा वर अगदी एक जागा दाखवायची. रुपयाच्या नाण्याएवढी. द्राक्षाच्या छाटणीत वाकून उठली की कळ. आम्ही पिंपळगाव, नाशिक, पुणे सगळं केलं. पित्ताशय काढायचं ठरत होतं, खडा नसताना. एका वयस्कर सर्जननी तिला टेबलावर झोपवलं, त्या जागेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाले, आता मान उचला. मान उचलली तशी आई ओरडलीच. ते म्हणाले, पोटाच्या आत काही नाही, दुखणं पोटाच्या भिंतीत आहे. स्नायूत एक बारीक शीर अडकलीय. १९२६ साली कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननी ही खूण लिहून ठेवलीय म्हणे. स्नायू ताठ केल्यावर दुखणं वाढलं तर भिंतीचं, कमी झालं तर आतलं. तिथेच बधिर करायचं इंजेक्शन दिलं. आई उठून बसली आणि मला म्हणाली, चहा घ्यायचा का कुठे.

पुढे परत थोडं दुखलं, परत इंजेक्शन घेतलं. पण गाडाभर फाइल झाली होती हो तोवर.

तिरकस | मंगळवार, रात्री ९.४८

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची, फुकटची तपासणी. म्हणूनच कुणी करत नाही.

औषधवाली_ताई | बुधवार, सकाळी १०.१५

मेडिकल चालवते, कॉलेज रोडला. दोन गोष्टी. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक वगैरे दुखण्याची गोळी घेतात का विचारा. म्हातारी माणसं चिठ्ठीशिवाय नेतात आणि घरी बोलत नाहीत. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असताना वरून ती गोळी म्हणजे अल्सरला आमंत्रण, आणि म्हातारपणी अल्सर फार न दुखताही रक्त सोडतो. हिमोग्लोबिन १०.८ आहे म्हणून म्हणतेय. दुसरं, एच पायलोरी (अल्सर करणारा जठरातला जंतू) तपासलं असेल तर गॅसची गोळी चालू असताना तपासलं का ते बघा. शी किंवा श्वासाची तपासणी करायची तर ती गोळी दोन आठवडे बंद लागते, अँटिबायोटिक झालं असेल तर चार आठवडे थांबावं लागतं. नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून.

मिसळ_कमी_तिखट | बुधवार, सकाळी ११.३०

अवांतर: अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो असंच आम्ही ऐकत आलो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शलने १९८४ साली हे एच पायलोरीचे जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं, तेव्हा कुठे लोकांना पटायला लागलं. २००५ ला नोबेल मिळालं. आमच्या मिसळीची मात्र बदनामी झाली ती झालीच.

पंचवटीचा_पासवाला | बुधवार, रात्री ८.४५

मुंबईचं विचारलंत म्हणून. निदान व्हायच्या आधी टाटाच्या कॅन्सर हॉस्पिटलला पळू नका. तिथे बायोप्सी किंवा ठोस संशय हातात असताना गेलं तर काम पुढे सरकतं, नाहीतर परळच्या फूटपाथवर दिवस जातो. बहिणीच्या वेळी आम्ही सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जायचो, दादरला उतरून टॅक्सी. म्हातारं माणूस परतीपर्यंत मोडून पडतं. आधी नाशिकमध्ये काय होतं ते बघा. शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आडगावला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक) मेडिकल कॉलेज आहे, खासगी सीटी सेंटर ढिगाने झालीत.

गोदेपल्याड | रविवार, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. ईसीजी झाला, नवीन काही नाही. मी मखमलाबादला राहायला आलेय, मुलांना सासूबाईंकडे ठेवलं. आईला सांगितलं, घरात रंगकाम काढलंय.

नोंद भाच्याने ठेवली. भिंतीवरच्या कालनिर्णयात जिथे वहिनी दूध आणि इस्त्रीचं लिहिते, त्याच चौकटीत त्याने लाल पेनाने वेळा टाकल्यात. आई बोट नाही दाखवत, तळवा फिरवते, बेंबीच्या वर. दाबलं तर दुखत नाही. मान उचलायला लावली, फरक नाही. कूस बदलली तरी काही नाही. पुड्या सापडल्या नाहीत. गुडघ्याची गोळी नाही.

पण दुखतं ते जेवल्यावरच. सकाळच्या चहा-बिस्किटाने नाही. दुपारी पिठलं-भाकरी झाली की पाऊण तासाच्या आत सुरू. मग पुढच्या खोलीत जाऊन गुडघे पोटाशी घेऊन पडते, दीड-दोन तास. अर्धी भाकरी खाल्ली तर कमी, सगळी खाल्ली तर बेजार. वहिनी म्हणते ते खरं आहे, ती सगळ्यांबरोबर ताटावर बसते. पण उरलेली भाकरी पदराआड घेऊन मागच्या दाराने गायीला घालते. मी पाहिलं.

आता खरी गोष्ट. आईचे उपास वाढलेत. सोमवार तिचा पहिल्यापासूनचा. मग गुरुवार धरला, मग शनिवार, चतुर्थी तर आहेच. मला वाटलं, म्हातारपणी देवाकडे ओढा वाढतोच. घरात कौतुकच होतं. आणि हे साबुदाण्याचे उपास नाहीत. चार खजूर, लिंबूपाणी, संध्याकाळी वाटीभर ताक. त्या दिवशी कालनिर्णयाची चौकट कोरी. परवा कामदा एकादशीला तर ती रथ बघायला काळारामाला गेली, रामकुंडापर्यंत गर्दीतून चालली, ऊन डोक्यावर, एकदाही पोट धरलं नाही. भाऊ म्हणाला, बघ, मनाचंच आहे. द्वादशीला पारणं सोडलं, पुरणपोळी झाली होती. तासाच्या आत आडवी.

मी रात्री तिच्या शेजारी पडले आणि विचारलं, आई, उपास का वाढवलेस? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जेवायची भीती वाटते गं. देवाचं नाव घेतलं की कुणी आग्रह करत नाही."

आणि डॉक्टर, मशेरी सापडली. देव्हाऱ्याखालच्या खणात, कापराच्या डबीत. लग्नाच्या आधीपासूनची. हृदयाच्या वेळीही 'व्यसन नाही' म्हणूनच लिहिलंय फाइलमध्ये.

काट्यावर वजन गेल्या दिवाळीच्या रिपोर्टपेक्षा सहा किलो कमी.

निफाडची_लेक | रविवार, रात्री ११.०५

ताई, अंगावर काटा आला वाचून.

जेलरोडचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ६.५०

भाच्याला माझ्याकडून शाबासकी द्या.

ताई, अजूनही निदान मी करत नाही, पण कुठल्या दाराने जायचं ते सांगता येईल. जेवणानंतर ठराविक वेळाने दुखणं, मोठ्या जेवणाला जास्त, उपाशी असताना नाही, खाण्याची भीती, उतरणारं वजन, आधीच हृदयाची नस अरुंद, वर डायबेटिस, बीपी आणि आयुष्यभराची तंबाखू. एवढं एकत्र आलं की आतड्याच्या रक्तपुरवठ्याकडे बघायलाच हवं. आतड्यांना तीन मुख्य धमन्या रक्त देतात. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं. ठिबकच्या नळीत क्षार साचले की वेल नुसता जगतो, पण फळ धरायच्या वेळी पाणी पुरत नाही, तसं. धमन्या एकमेकींना सांभाळून घेतात, त्यामुळे बहुतेक वेळा दोन अरुंद होईपर्यंत माणसाला कळत नाही. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. आणि निदानाला महिनोन्महिने लागतात, कारण कॅमेऱ्यात काही नसतं.

तपासणी म्हणजे पोटाची सीटी अँजिओग्राफी, धमन्या दाखवणारी सीटी. नुसतं 'सीटी अॅब्डोमेन' लिहून घेऊ नका. साध्या सीटीत धमन्यांसाठी लागणारी वेळ साधलेली असेलच असं नाही. चिठ्ठीवर 'मेसेंटेरिक' (आतड्याच्या धमन्यांचा) हा शब्द आणि जेवणानंतरच्या दुखण्याचं वर्णन दोन्ही असू द्या, म्हणजे रिपोर्ट लिहिणारा तिकडे बघतो. त्याच सीटीत स्वादुपिंडही दिसेल, ती शंकाही मनात असतेच. शिरेतून रंग देतात म्हणून आधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करतात, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. चिठ्ठी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडूनही मिळू शकेल, त्यांना हे चित्र चटकन कळेल. कालनिर्णयाचं पान फाडून सोबत न्या, खरंच सांगतो.

तोवर थोडं थोडं, पाच-सहा वेळा खाऊ द्या. आणि जेवणाशी संबंध नसताना अचानक जोराची कळ आली, तर घड्याळ बघत बसू नका. धमनी पूर्ण बंद झाली तर तासांचा खेळ असतो.

वैद्य_सिडको | सोमवार, सकाळी ९.२०

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. लंघन (उपाशी राहणं) चालू आहे ते तोडा. अग्निमांद्य (मंद पचन) म्हणून कुणी अजून लंघन सांगितलं तर ऐकू नका.

पंचवटीचा_पासवाला | सोमवार, दुपारी १.१५

आईंचं वय ७१, म्हणजे सरकारी योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. आधारवर होतं. पण ओपीडीतली सीटी त्यात बसत नाही. दाखल झाल्यावरचा खर्च धरतात, आणि दाखल व्हायच्या आधीच्या तीन दिवसांच्या तपासण्या. त्यामुळे सीटीचे पैसे खिशातूनच धरा. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि त्यात नेमकी हीच प्रोसिजर होते का, हे दाखल व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला) विचारा. दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक पहिला विचारून परत येतात.

गोदेपल्याड | शुक्रवार, रात्री ९.४०

सीटी झाली. तीनपैकी दोन धमन्या अरुंद, त्यातली एक बरीच. स्वादुपिंड स्वच्छ, अंडाशय स्वच्छ. हृदयाच्या डॉक्टरांनी कालनिर्णयाचं पान टेबलावर पसरून वाचलं आणि आईला विचारलं, "एकादशीला बरं वाटतं ना?" आई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या महिन्यांत कुणी तिला तिचंच सांगितलं नव्हतं.

मांडीतून नळी घालून स्टेंट टाकता येईल म्हणतात, पोट फाडावं लागणार नाही. मंगळवारी दाखल. कार्ड निघालंय, प्रोसिजरचं विचारणं चालू आहे. भाऊ सकाळपासून तीन वेळा विचारून गेला, आईला काय आणू. गेले चार महिने वयाप्रमाणे होणारच म्हणत होता, त्याला आज मी काही बोलले नाही. मशेरीची डबी आईने स्वतः माझ्या हातात दिली. "फेकू नको, पितळेची आहे," म्हणाली.

तिला भीती वाटतेय. आम्हालाही. डॉक्टरांनी धोके सांगितले, सही करून घेतली.

शेंगदाणा_चटणी | शुक्रवार, रात्री ९.५५

काळारामाला नारळ ठेवते ताई. हिंगाचं राहू दे.

सातपूर_सेकंड_शिफ्ट | शनिवार, रात्री १२.४०

रक्त लागलं तर सांगा. बी पॉझिटिव्ह आहे, आणि शिफ्टमधली पोरं पण येतील.

औषधवाली_ताई | शनिवार, सकाळी १०.३०

स्टेंटनंतर बहुतेक दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या देतील, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. आईंची सकाळची गॅसची गोळी नेमकी कुठली आहे? पाकिटावरचं लहान अक्षरातलं नाव बघा. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असेल तर क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो, दाखल करतानाच डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोदेपल्याड | शनिवार, सकाळी ११.०५

पॅन्टोप्राझोल लिहिलंय, ४० एमजी.

औषधवाली_ताई | शनिवार, सकाळी ११.१२

मग तेवढी अडचण नाही. तरी पाकीट सोबत न्या, आणि सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत.